झूमचं रुंद टोक

सिंधुदुर्गात फिरताना गळ्यात अडकवायला एकच, परवडणारी झूम लेन्स घ्यायची म्हटलं की सल्ला बहुधा ठरलेला असतो : जितकं लांबचं जवळ आणेल तितकं बरं. किल्ला पाण्यात, होड्या पाण्यात, डॉल्फिन त्याहूनही पुढे; तेव्हा १८–१३५पेक्षा १८–२०० सरस आणि त्याहून १८–२७० सरस. खोक्यावरचा दुसरा आकडा मोठा की लेन्स भारी, हा हिशेब दुकानात, घरात आणि मित्रमंडळीत इतका रुळला आहे की पहिल्या आकड्याकडे कोणी फारसं पाहतच नाही. माझं म्हणणं याच्या उलट आहे. साध्या, चालता-फिरता वापरायच्या झूमचा साठ वर्षांचा इतिहास पाहिला तर तो मुख्यतः पहिला आकडा खाली आणण्याचा, म्हणजे लेन्सचं रुंद टोक आणखी रुंद करण्याचा इतिहास आहे. आणि मालवणच्या किनाऱ्यावर नोंदवून ठेवण्यासारखं जे आहे, त्यातलं बरंचसं याच टोकाला सापडतं. लांबचं टोक निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. पैसा मोजकाच असेल तर तो कुठे खर्चावा, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर इतिहासातून काढता येतं.

आधी जागा पाहू. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी झाली आणि तीन वर्षांत, १६६७ साली, किल्ला उभा राहिला. बेट सुमारे ४८ एकरांचं, तट सुमारे तीन किलोमीटर लांबीचा, तीस फूट उंच आणि बारा फूट रुंद, बुरूज बेचाळीस. तट सरळ जात नाही, खडकाच्या कडेने वळणं घेत जातो, आणि मुख्य दरवाजा बुरुजांच्या आड असा दडवलेला आहे की होडीतून अगदी जवळ गेल्याशिवाय तो ओळखू येत नाही. म्हणजे दुरून पाहणाऱ्याला काही कळू नये, ही या वास्तूच्या रचनेतलीच गोष्ट आहे. १७६५ साली मुंबईकर इंग्रजांनी तो घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं आणि पुढच्याच वर्षी तो कोल्हापूरकरांकडे परत गेला. त्या काळी खलाशांना किनारा ओळखता यावा म्हणून समुद्रावरून दिसणाऱ्या कडा, टेकड्या आणि तटांच्या रेषा कागदावर काढून ठेवत. किल्ल्याकडे दुरून, एक आडवी रेषा म्हणून पाहण्याची सवय अशी कॅमेऱ्याच्या आधीची आहे. पुढे लांब पल्ल्याच्या लेन्सने तीच सवय चालवली.

कॅमेरा कोकणात मुंबईमार्गे आला. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि पुढच्या वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या पिढीतले नामवंत छायाचित्रकार; हे लाड घराणं मूळचं पेडण्याकडचं, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गाच्या वेशीवरचं. पण त्या काळच्या ओल्या काचपट्टीचं तंत्र फिरतीला जाचक होतं. काचेवर रसायन चढवायचं, ती ओली असतानाच छायाचित्र घ्यायचं आणि तिथेच अंधाऱ्या तंबूत धुवायचं. सगळा कारखानाच बरोबर न्यावा लागे. कॅमेरा खऱ्या अर्थाने चालता झाला तो कोरड्या पट्ट्या, मग फिल्म, आणि १९२५ साली आलेल्या लायकामुळे. लायकावर ५० मिमीची लेन्स होती आणि तिच्यामुळे ५० मिमी हीच नैसर्गिक नजर असं जगभर मानलं जाऊ लागलं. आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकांत मध्यमवर्गाच्या हाती आला तो आगफा क्लिक थ्री : एक साधी, न बदलणारी लेन्स आणि १२० फिल्मच्या रोलवर बारा फोटो. आयातीवर निर्बंध होते, जकात जबर होती, फिल्म जपून वापरायची वस्तू होती. गणपतीला आगबोटीने किंवा एसटीने गावी येणाऱ्या चाकरमान्यासाठी बारा फोटोंत काय बसवायचं हे ठरलेलंच असे : मखरासमोरचं कुटुंब, तुळशीपुढे उभी म्हातारी माणसं, आणि जमलं तर किनाऱ्यावर पाठीमागे दिसणारा किल्ला. घराची ओटी, पडवी, माजघर, विहिरीवरचं पाणी ओढणं, बाजारातली गल्ली या गोष्टी त्या चौकटीत मावत नव्हत्या आणि मावल्या तरी त्यांच्यावर फिल्म खर्च करण्याची ऐपत नव्हती. जुन्या अल्बमांत माणसं दिसतात आणि घर दिसत नाही, याचं अर्धं कारण फिल्मची किंमत आहे आणि अर्धं कारण लेन्सचा कोन.

झूम लेन्स या अडचणीवर उपाय म्हणून जन्मली नाही. ती सिनेमासाठी जन्मली. कुक कंपनीची व्हॅरो ही १९३२ सालची. ३५ मिमी फिल्मच्या छायाचित्रणाला पहिली झूम मिळाली ती १९५९ साली, फॉक्टलेंडरची झूमार, ३६ ते ८२ मिमी. महाग आणि वजनदार. सर्वसामान्यांच्या आवाक्यातली म्हणता येईल अशी निकॉनची ४३–८६ मिमी १९६३ साली आली. ती खूप खपली आणि तिच्या धूसर कोपऱ्यांबद्दल तिला बोलही पुष्कळ बसले. हा ४३ आकडा आला कुठून? ३५ मिमी फिल्मची चौकट २४ बाय ३६ मिमीची. तिचा कर्ण साधारण ४३ मिमी भरतो. त्याहून खाली उतरणं तेव्हा फार कठीण होतं, कारण एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये हलता आरसा असतो. निकॉनमध्ये लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी आहे. त्याहून कमी फोकल लेंथ हवी असेल तर प्रकाश आधी फाकवून मग गोळा करणारी उलटी रचना करावी लागते, आणि तीच रचना झूमच्या सर्व टप्प्यांवर सांभाळायची म्हणजे कडा वाकतात, कोपरे विरघळतात. लांबचं टोक वाढवणं त्या मानाने सोपं होतं. म्हणूनच स्वस्त झूमची जाहिरात नेहमी लांबच्या टोकावर झाली आणि खरं कष्टाचं काम मात्र दुसऱ्या टोकाला चाललं होतं. सत्तरच्या दशकात ३५–७० रूढ झाली. संगणकावर आखणी, थरांचं लेपन आणि पुढे साच्यातून काढलेली ॲस्फेरिकल काच यांच्या जोरावर नव्वदीपर्यंत परवडणाऱ्या झूम २८ मिमीपर्यंत उतरल्या. १९९२ सालच्या टॅमरॉन २८–२००चं कौतुक २०० या आकड्यासाठी झालं. माझ्या मते त्यातला २८ जास्त मोलाचा होता.

या आकड्यांचा मालवणशी काय संबंध, ते मोजूनच पाहावं. बंदरापासून किल्ला अर्धा किलोमीटर धरला, तर त्या अंतरावर ४३ मिमीच्या चौकटीत सुमारे ४२० मीटर रुंदी येते. ४८ एकर क्षेत्र अगदी चौरस मानलं तरी त्याची बाजू ४४० मीटर भरते, आणि बेट काही चौरस नाही. म्हणजे १९६३ सालची ती लोकप्रिय झूम घेऊन धक्क्यावर उभं राहिलेल्याच्या चौकटीत किल्ला पूर्ण बसतच नव्हता, मग दोन्ही बाजूंचा समुद्र तर दूरच. २८ मिमीला हीच रुंदी ६४० मीटर होते, २४ मिमीला ७५०. जो किल्ला टिपण्यासाठी लांबची लेन्स घ्या असं सांगतात, तोच पूर्ण यायला रुंद टोक लागतं. घराच्या आत फरक आणखी जाणवतो. पडवीच्या एका टोकाला पाठ लावून तीन मीटरवरच्या भिंतीकडे पाहिलं तर ४३ मिमीत अडीच मीटर भिंत येते, २८ मध्ये जेमतेम चार आणि २४ मध्ये साडेचार. मागे सरकायला जागा नसते. मागे जांभ्याची भिंत असते. मालवणच्या बाजारपेठेतल्या गल्ल्या, देऊळवाड्याचा सभामंडप, दिवाळीच्या पाडव्याला रामेश्वर-नारायणाच्या पालखीभोवती दाटलेली माणसं, सगळीकडे अडचण हीच. गर्दीत मागे गेलं की पुढे डोकी येतात, म्हणून पुढे घुसून रुंद घ्यावं लागतं.

रापणीचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धवर्तुळ काढून परत येते आणि मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसं दोन रांगांनी ओढत आणतात. पुढे माशांचे वाटे पडतात. हे काम म्हणजे दोन रांगांमधलं नातं आहे : एक रांग जोर करते तेव्हा दुसरी काय करते, दोघी एकमेकींकडे कशा सरकत येतात, जाळ्याचा पोटाकडचा भाग कुठे आहे, बायका टोपल्या घेऊन कुठे थांबल्या आहेत. २०० मिमीने घेतलेल्या फोटोत घामेजलेला एक चेहरा आणि दोराचा पीळ सुंदर येतो, पण रापण कशी चालते हे त्यातून कळत नाही. ट्रॉलर आणि पर्ससीन जाळ्यांच्या रेट्याने रापणकर मागे पडत गेले, २०१६ साली राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले तरी ती तक्रार संपली नाही. अशा वेळी हा धंदा कसा चालतो याची नोंद व्हायला हवी असेल तर ती कामाच्या पूर्ण रचनेची व्हायला हवी. मोरयाच्या धोंड्याचंही असंच आहे. किल्ल्याच्या आरंभीचं पूजन जिथे झालं असं मानतात, तो हा किनाऱ्यावरचा खडक. त्यावर गणपती, सूर्य, चंद्र, शिवलिंग कोरलेलं आहे. कोरीव काम आणि समोरचा किल्ला एका चौकटीत आले तरच त्या जागेचं प्रयोजन दिसतं.

इथे माझ्याच म्हणण्याला एक मर्यादा घालायला हवी. धोंड्याजवळ वाकून २४ मिमीने घेतलं तर खडक मोठा येतो आणि किल्ला मागे बारीक रेघ होऊन बसतो. अर्ध्या किलोमीटरवर तीस फुटी तट २४ मिमीच्या चौकटीत उंचीचे जेमतेम दोन टक्के व्यापतो. चार पावलं मागे येऊन ८५ मिमीने घेतलं तर तोच तट सहा टक्क्यांच्या पुढे जातो आणि खडकाशी त्याचं नातं नीट जुळतं. म्हणजे रुंद टोकाबरोबर मधला पट्टा हवाच, आणि तो चांगला हवा. चालणाऱ्या माणसाला या किनाऱ्यावर लागतं ते ३५ मिमी फिल्मच्या हिशेबात साधारण २४ ते ८५, फार तर १०५. एवढ्या पल्ल्यात लेन्स हलकी राहते, कोपरे शाबूत राहतात आणि किंमत हाताबाहेर जात नाही. पल्ला दहा-बारा पटींवर ताणला की या तिन्हींत तडजोड सुरू होते, आणि तडजोडीचा पहिला फटका बहुधा दोन टोकांनाच बसतो. ज्या लांबच्या टोकासाठी पैसे मोजले तेच मऊ पडतं.

डिजिटल कॅमेरा आला तेव्हा या इतिहासाने एक मागचं पाऊल टाकलं, आणि वापरलेली लेन्स घेणारे आजही त्यात फसतात. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. कुडाळ-कणकवलीला उतरून तारकर्ली-देवबागकडे जाणारी गर्दी वाढू लागली आणि पाच-सहा वर्षांत तिच्या गळ्यात डिजिटल एसएलआर दिसू लागले. २००३ सालचा कॅननचा ३००डी हा त्यातला पहिला खरा परवडणारा. त्याचा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, म्हणून लेन्सचा कोन आक्रसतो; फोकल लेंथला कॅननमध्ये १.६ने आणि निकॉनमध्ये १.५ने गुणलं की फिल्मच्या हिशेबातला आकडा मिळतो. हे सावरण्यासाठीच त्याच्याबरोबर १८–५५ ही नवी किट लेन्स काढावी लागली. १८ म्हणजे जुन्या हिशेबात २९. ज्यांनी घरातली फिल्मच्या जमान्यातली २८–८० त्याच कॅमेऱ्यावर चढवली, त्यांचं रुंद टोक ४५ झालं. निकॉनवर ४२. तीस वर्षांची मेहनत पुसून ते पुन्हा १९६३ सालात जाऊन उभे राहिले! जुनी २८–८० आजही अगदी कमी पैशांत मिळते आणि फुल फ्रेम, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ती चांगलं कामही देते. लहान सेन्सरवर मात्र ती घेऊ नये. उलट लहान सेन्सरसाठी निकॉनने २००८ साली काढलेली १६–८५ आणि कॅननची २००९ सालची १५–८५ या दोन्ही २४ मिमीच्या तोडीपासून सुरू होतात आणि आता वापरलेल्या मालात भेटतात. १८ आणि १६ यांत दोनच मिलिमीटरचा फरक आहे. पण पडवीतल्या त्या भिंतीवर तोच अर्ध्या मीटरचा होतो, आणि दाराशेजारी उभं असलेलं माणूस त्या अर्ध्या मीटरमुळे चौकटीत येतं.

आता आक्षेप. पहिला असा की, लांबचं हवं तेव्हा काय करायचं? देवबागच्या संगमावरचे पक्षी, समुद्रातले डॉल्फिन यांच्यासाठी ८५ काय किंवा १०५ काय, दोन्ही अपुरे, हे खरं. पण त्यांच्यासाठी २००ही अपुराच असतो. ते काम वेगळ्या लेन्सचं आणि वेगळ्या तयारीचं आहे. मधल्या अंतराचा प्रश्न मात्र काळानुसार बदलला आहे. फिल्मच्या दिवसांत फोटोचा तुकडा कापून मोठा केला की रवे फुटत, म्हणून तेव्हाचा लांब टोकाचा आग्रह रास्त होता. आज २४ मेगापिक्सेलच्या फोटोत १३५ मिमीने घेतलेलं चित्र २०० इतकं कापलं तरी सुमारे ११ मेगापिक्सेल हातात उरतात, आणि मासिकाचं पूर्ण पान छापायला तेवढे पुरतात. जे चौकटीबाहेर राहिलं ते मात्र कोणत्याही कापण्याने परत येत नाही. यावर कोणी म्हणेल की तीन-चार फोटो शेजारी शेजारी घेऊन संगणकावर जोडता येतात. तट, देऊळ, झाडं यांच्यासाठी ते चालतं. दोर ओढणारी माणसं, लाटेवर डुलणारी होडी, पुढे सरकणारी पालखी यांचे सांधे जुळत नाहीत. एकाच माणसाचे दोन हात दोन ठिकाणी येतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, तो प्रकाशाचा. कार्तिकापासून जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि देवळाच्या आवारात रात्रभर दशावतार चालतो. कधीकाळी मशाली, मग गॅसबत्त्या, आता विजेचे दिवे. रंगमंचावर मांडामांड म्हणजे एक बाकडं, आणि बाकी सगळं नटाच्या अंगात. स्वस्त झूमचं तोंड लांबच्या टोकाला एफ/५.६पर्यंत मिटतं. ५० मिमीची एफ/१.८ ही साधी, स्थिर लेन्स त्याच्या जवळपास दहापट प्रकाश आत घेते. संकासुराची उडी टिपायची तर हा दहापटींचा फरक निर्णायक आहे, आणि लेन्समधली कंपनरोधक यंत्रणा इथे उपयोगी पडत नाही, कारण ती छायाचित्रकाराचा हात स्थिर करते, नाचणारा नट नाही. म्हणून स्थिर लेन्सचा कैवार घेणारे रात्रीपुरते बरोबर आहेत आणि त्यांचं ऐकावं. पण त्यातूनही निघतो तो माझाच हिशेब : २७०च्या मागे न लागता वाचवलेल्या पैशांत एक जुनी ५० मिमी येऊ शकते. किंवा टॅमरॉनची २००६ सालची १७–५०, जी सर्व टप्प्यांवर एफ/२.८ राहते, तिचं रुंद टोक थोडं कमी, तोंड मोठं. दशावतार हाच ज्याचा मुख्य विषय आहे त्याने ती घ्यावी.

तिसरा आक्षेप फोनचा. बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा २४ ते २८ मिमीच्या तोडीचा असतो, मग रुंद टोक खिशात असताना ते पुन्हा विकत का घ्यायचं? मला यात माझ्या मुद्द्याला दुजोराच दिसतो : लोकांना रोज काय टिपायचं असतं याचा अंदाज घेऊन फोन बनवणाऱ्यांनी निवड केली ती रुंद कोनाची. फोन कमी पडतो तो मधल्या पट्ट्यात आणि अंधारात, जिथे मोठा सेन्सर आणि खरी काच लागते. आणि रुंद ते मधलं हा प्रवास एका मनगटाच्या वळणात करता येणं ही झूमची मूळची सोय आहे. आकाशातून घेतलेल्या चित्रांबद्दलही एक शब्द. गोपाळ बोधे यांची हवाई छायाचित्रं आणि उद्धव ठाकरे यांचं २०१० सालचं ‘महाराष्ट्र देशा’ यांनी सागरी किल्ले वरून कसे दिसतात ते मराठी घराघरांत नेलं. सिंधुदुर्गाच्या तटाची वळणं वरूनच एका नजरेत कळतात आणि ते काम जमिनीवरची कोणतीच लेन्स करू शकत नाही. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत, त्यामुळे वरून आणि दुरून घेतलेल्या चित्रांची आता भरच पडणार आहे. तटाच्या आत राहणारी कुटुंबं, गोड्या पाण्याच्या विहिरी, शिवराजेश्वराचं मंदिर, आणि धक्क्यावर किल्ल्याच्या होड्या चालवणारी माणसं यांची नोंद त्या मानाने तुटपुंजी आहे, आणि ती चालत जाऊन, जवळ उभं राहूनच करावी लागते.

एकच लेन्स असण्याचा इथे आणखी एक फायदा आहे. किनाऱ्यावर उभं राहून लेन्स बदलणं म्हणजे खारट तुषार आणि वाळू सेन्सरवर घेणं. पण हीच हवा वापरलेल्या लेन्सची शत्रूही आहे. पुढे-मागे सरकणारी झूम प्रत्येक वेळी थोडी हवा आत ओढते, आणि कोकणच्या पावसाळ्यात त्या हवेबरोबर बुरशीचं बी आत जातं. म्हणून जुनी लेन्स घेताना ॲपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्चचा उजेड टाकावा आणि समोरून तिरकं पाहावं. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर स्वस्त असली तरी ती सोडावी. झूमची कडी फिरवताना करकर जाणवली तर आत वाळू आहे. घेतल्यावर पावसाळ्यात, म्हणजे किल्ल्याच्या होड्या बंद असतात त्या काळात, ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावी, पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर भाजून पुन्हा वापराव्यात, आणि आठवड्यातून एकदा डबा उघडून लेन्सला ऊन नव्हे पण उजेड दाखवावा.